दोनदा उमटलेला नंबर

शरदभाऊ, तुमच्या फोटोवरून घरात चांगलीच जुंपली. सुमनवहिनींना मिलच्या पासावरचा हवा होता, केस काळे, मान ताठ. मिलिंद म्हणाला, "आई, त्यात बाबा चाळीसचे पण नाहीत, लोक ओळखणार कसे?" शेवटी त्याच्या लग्नातला काढला. त्यात तुम्ही डावा कान पुढे करून बसला आहात, फोटोग्राफर काय म्हणतोय ते ऐकायला. मी दोनदा त्या फोटोसमोर बसले आणि दोनदा उठून स्वयंपाकघरात गेले, वहिनींना मदत करायच्या निमित्ताने.

तुमच्या लेकानेच मला सांगितलं, "मावशी, तेराव्याला चार ओळी वाचायच्या आहेत, तुम्हीच लिहा. बाबांना तुमच्याइतकं भांडून कोणी ओळखत नाही." खरं आहे ते. वीसेक वर्षं भांडलो आपण, आणि तेही एकाच गोष्टीवरून: त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं की नव्हतं. तुम्ही म्हणायचात सांगितलं, मी म्हणायचे मला ऐकूच आलं नाही. जन्मतारीख, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, ते सगळं मिलिंदने वेगळं लिहून ठेवलंय. मी हे भांडण तेवढं मिटवायला बसले आहे. तुम्ही समोर असताना मिटवायला हवं होतं. तेवढी हिंमत झाली नाही.

तुम्ही पहिल्यांदा सांवेर रोडच्या आपल्या कारखान्यात आलात तेव्हा तुमच्या नखांच्या कडेला निळी शाई होती. मिलचं फाटक बंद होऊन जेमतेम महिना झाला होता. फोल्डिंग खात्यात वीस वर्षं तुम्ही थानांच्या, म्हणजे कापडाच्या ताग्यांच्या, टोकाला छाप मारत आलेले: कुठल्या मागावरचं कापड, कुठल्या पाळीतलं. आपल्या परदेशीपुऱ्यातली निम्मी माणसं तेव्हा अशी कुठे कुठे पांगली होती. कोणी रिक्षा घेतली, कोणी सेव-नमकीनचं दुकान टाकलं, आणि माझे बाबा नुसतेच ओट्यावर बसून राहिले, भोंगा परत वाजेल म्हणून. तुम्ही मात्र इस्त्रीचा शर्ट घालून मुलाखतीला आलात.

आमच्याकडे तेव्हा सगळं उलटं चाललेलं. बाहेरच्या कंपन्या यायला लागल्या होत्या, पीथमपूरची कारखान्यांची वसाहत वाढत होती, आणि रोज एक नवा इंग्रजी शब्द कानावर पडायचा. त्यातलाच एक ट्रेसेबिलिटी. ज्या ट्रॅक्टर कंपनीला आपण हब पुरवायचो, म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो पोलादी भाग, त्यांचं पत्र आलं की यापुढे प्रत्येक हबवर नंबर पाहिजे. कुठल्या पोलादाचा, भट्टीच्या कुठल्या घाण्यातला, कुठल्या पाळीत आणि कोणी ठोकला. उद्या काही मोडलं तर माग काढत थेट आपल्या दारात येता यावं. मॅनेजरसाहेब हे तुम्हाला समजावून सांगत होते, आणि तुम्ही मध्येच म्हणालात, "साहेब, हे तर आम्ही वीस साल करतोय. फक्त कापडावर." मी कोपऱ्यात बसले होते, क्वालिटीची इन्स्पेक्टर, डिप्लोमा झालेली, लागून सहा महिने झालेली. मला तुम्ही भयंकर आगाऊ वाटलात.

आणि मग ती हवेची हातोडी! लोखंडी खांब, वर नळकांडं, खाली खाचेत बसवलेले पोलादी आकडे. कळ दाबली की कम्प्रेसरची हवा आत शिरायची आणि धाड! एका ठोक्यात सगळा नंबर पोलादात. पहिल्या ठोक्याला तुम्ही दोन पावलं मागे उडालात आणि अख्ख्या खात्याने शिट्ट्या मारल्या. तुम्ही शर्ट झटकला, हातोडीला नमस्कार केलात आणि म्हणालात, "अरे भिया, ही तर माझी सासू निघाली. बोलत काहीच नाही, डायरेक्ट मारते." त्या दिवसापासून ती हातोडी सगळ्यांची सासू झाली. "सासूला तेल दिलं का?" "सासूची हवा कमी झालीय." नवीन आलेल्या साहेबांना आम्ही काय बोलतोय तेच कळायचं नाही.

सकाळचा पहिला ठोका तुम्ही भंगारातल्या तुकड्यावर मारायचात आणि तो तुकडा स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवायचात. "डोळ्यांनी नका बघू मॅडमजी, बोटाने बघा." हवा तीच, हातोडी तीच, पण माल नरम असला तर आकडा खोल बसतो आणि फार कडक असला तर वरच्या वर राहतो, हे मला तुम्ही शिकवलंत. माझ्याकडे कडकपणा मोजायचं मशीन होतं, तुमच्याकडे अंगठा. मी मुद्दाम वेगवेगळे तुकडे ओढणीखाली लपवून आणायचे, तुमची परीक्षा घ्यायला. दहातले नऊ तुम्ही बरोबर सांगायचात. दहाव्याला म्हणायचात, "मशीन दाखवून आणा कुणाला तरी, बिघडलंय." इतका राग यायचा ना मला, आणि इतकं हसू.

फाटकाबाहेरच्या ठेल्यावर आपण पोहे खायचो. तुम्ही ठेलेवाल्याला हमखास म्हणायचात, "जीरावन मसाला जरा मोकळ्या हाताने टाक रे, तुझ्या घरून नाही जात." आणि जलेबी माझ्या पानाच्या दोन्याकडे सरकवायचात, कारण वहिनींनी गोड बंद केलंय म्हणे. वहिनींनी कधीच बंद केलेलं नव्हतं, ते मला या आठवड्यात कळलं. त्याच ठेल्यावर तुम्ही मला मिलमधली एक रीत सांगितलीत. थानात कुठे दोष निघाला तर बोभाटा करायचा नाही. छापवाला तोच छाप त्याच जागी दुसऱ्यांदा मारायचा, जरासा सरकवून. डबल छाप म्हणजे सेकंड, दुय्यम माल, वेगळ्या गठ्ठ्यात. "विणणाऱ्याची इज्जत राहते आणि गिऱ्हाईक पण फसत नाही. बघणाऱ्याने फक्त बघायचं." मला ते इतकं आवडलं की घरी जाऊन मी बाबांना सांगितलं. बाबा त्या दिवशी कितीतरी दिवसांनी बोलले, म्हणाले, हो, तसंच करायचे.

आता तो दिवस. आधी कागदावर काय आहे ते सांगते.

महिन्याचा शेवट होता, फाटकात ट्रक उभा, तीनशे हब जायचे. आदल्या दिवशी भट्टीच्या वेळेत वीज गेली होती आणि आली होती. मी पाच तुकडे मशीनवर तपासले, पाचही बरोबर निघाले. नंतर चाळीसेक हब असे सापडले की त्यांच्यावर नंबर दोनदा उमटला होता, एकावर एक, जरासा सरकून. मी शेरा लिहिला: ठोकताना तुकडा हलला, नंबर वाचता येतो, पास. खाली माझी सही. ट्रक गेला.

तीन महिन्यांनी हातोदच्या बाजूला सोयाबीनच्या ट्रॉलीसकट जाणाऱ्या ट्रॅक्टरचं चाक निखळलं. हब मधोमध फुटला होता. चालवणाऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, जीव वाचला. कंपनीची दोन माणसं तो फुटका तुकडा पिशवीत घेऊन आली आणि अर्ध्या तासात आपल्यापर्यंत पोचली. नंबर चोख बोलला: हे पोलाद, हा घाणा, ही पाळी, आणि शेवटचं अक्षर तुमचं.

साहेबांच्या केबिनमध्ये आपण दोघं उभे होतो.

"नंबर दोनदा का मारला?" त्यांनी विचारलं.

"सेकंड होते साहेब. ठसा बसत नव्हता, माल जास्त कडक होता. भट्टीत कडकपणा उतरवणारी शेवटची आच बसलीच नसेल, असा माल तडकतो. म्हणून डबल मारला आणि मॅडमला जाऊन सांगितलं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कम्प्रेसर चालू होता सर. मला काही ऐकू आलं नाही. मला वाटलं तुकडा हलला."

तुम्ही माझ्याकडे वळून बघितलंत. रागाने नाही. काहीतरी घोटाळा होतोय आणि आत्ता उलगडेल, अशा नजरेने. "नाही मॅडमजी, मी सांगितलं ना," तुम्ही म्हणालात. मी जमिनीकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर तुमच्या नावाने कागद लागला, मार्किंगमध्ये निष्काळजीपणा. तुम्हाला हातोडीवरून काढून पॅकिंगला टाकलं. खोक्यांना पट्ट्या मारत तुम्ही सहा महिने काढलेत आणि मग क्लॉथ मार्केटमधल्या एका दुकानात कापड मोजायला गेलात. मिलने तुम्हाला एकदा बाहेर काढलं होतं. दुसऱ्यांदा तुम्हाला मी काढलं.

दुसरा कुणी असता तर माझ्या दारावरून जाताना थुंकला असता. तुम्ही गणपतीत आमच्याकडे आरतीला आलात. दोन गल्ल्यांचं अंतर, येणं-जाणं तसंच राहिलं, आणि ते भांडण हळूहळू आपला खेळच झाला. मी पायरी चढायच्या आत तुम्ही म्हणायचात, "सांगितलं होतं." मी चपला काढता काढता, "नव्हतं." वहिनी आतून, "झालं का सुरू तुमचं? चहा ठेवू की नको?" माझं लग्न ठरलं नाही तेव्हा, बाबा गेले तेव्हा, कारखाना विकला गेला तेव्हा, दर वेळी पहिले तुम्ही आलात. मी तुमच्या घरचं किती खाल्लं असेन याला सुमार नाही, शरदभाऊ. माझ्या घशाखाली तो घास उतरायचा कसा, याचं आज मला नवल वाटतं.

मग तुमचे कान गेले. ती हातोडी दोन-अडीच वर्षं तुमच्या उजव्या हाताला होती, आणि कानात काय, तर कापसाचा बोळा. तुकोगंजच्या कानाच्या डॉक्टरकडे मीच तुम्हाला स्कूटीवर नेलं होतं. परत येताना तुम्ही मागून माझ्या कानाशी केवढ्याने ओरडलात, सगळा चौक बघत होता: "मॅडमजी, डॉक्टर म्हणतो, कान गेले की माणसाला आपला आवाज केवढा आहे ते समजत नाही. मला वाटतं तेव्हापासूनच माझे कान जात होते. त्या दिवशी मीच हळू बोललो असेन. तुमचं बरोबर आहे."

कमी ऐकू येणारा माणूस असा बसल्या बसल्या चौक गोळा करतो हो, हळू कुठला बोलतोय! मला कळत होतं ते. स्कूटी बाजूला घेऊन थांबायला हवं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या हो शरदभाऊ, जुनी गोष्ट." त्यानंतर तुम्ही पायरीवर भांडायचं सोडलंत. मी यायचे, तुम्ही नुसतं "या, या" म्हणायचात. माणसाला स्वतःच्या तोंडचं खरं बोलणं खोटं वाटायला लावलं मी, आणि वर तुम्ही कापून दिलेला पेरू खाल्ला.

तर ऐका. मला ऐकू आलं होतं.

तुम्ही हातात एक हब घेऊन माझ्या टेबलाशी आलात. कम्प्रेसर धडधडत होता म्हणून पार वाकलात, तुमच्या तोंडाला लवंगेचा वास होता. म्हणालात, "मॅडमजी, हे सेकंड आहेत. डबल मारलेत. बाजूला काढा, भट्टीवाल्यांना विचारा." शब्दन् शब्द. मग माझा अंगठा धरून त्या आकड्यांवरून फिरवलात, आणि माझ्या अंगठ्यालाही कळलं. आकडे वरच्या वर होते. डबल छाप म्हणजे काय, हेही मला चांगलं ठाऊक होतं, पोह्यांच्या ठेल्यापासून.

मग का? ट्रक उभा होता, साहेब दोनदा ओरडून गेले होते, हे आहेच. पण खरं कारण त्याहून हलकं आहे. माझे पाच तुकडे बरोबर निघाले होते. मला वाटलं, हा कापडवाला मला पोलाद शिकवणार? बस, एवढंच. एवढ्या गुर्मीपायी मी सही केली. ते पाच तुकडे भट्टीतल्या वरच्या थरातले होते, मधल्या थरातला एकही मी काढला नव्हता. केबिनमध्ये मात्र गुर्मी नव्हती, निव्वळ भीती होती. ओट्यावर बाबा बसलेले, घरात पगार माझा एकटीचा. हे कारण म्हणून सांगतेय, सूट मागायला नाही. तुमच्याही घरात पगार एकच होता.

वहिनींनी परवा सांगितलं, नोटीस लागली त्या आठवड्यात तुम्ही बसने हातोदला गेला होतात. त्या ट्रॅक्टरवाल्याला डझनभर केळी नेलीत आणि म्हणालात, "भाईसाहब, उस पे नंबर मेरे हाथ का है, माफ करना." मी कधी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

तुमच्या हातच्या पेरूंबद्दल, जलेब्यांबद्दल, आरतीला वाजवलेल्या झांजांबद्दल, माझ्या बाबांना खांदा दिल्याबद्दल मी किती वेळा मनातल्या मनात हात जोडले, ते तरी तुमच्यापर्यंत पोचलं असेल अशी आशा करते. तुमच्याकडून मी अंगठ्याने बघायला शिकले. पुढे तीस वर्षांची नोकरी मी त्या अंगठ्यावर केली. माझ्या हाताखालून पुन्हा असा माल गेला नाही. माझं नाव झालं, शरदभाऊ. ते तुमचं होतं.

इथवर लिहून मी कागद काल दुपारी मिलिंदकडे नेला. तो पीथमपूरच्या मोठ्या प्लांटमध्ये क्वालिटीचा हेड आहे, तुम्हाला केवढा अभिमान त्याचा. पुढच्या खोलीत उभ्या उभ्याच त्याने वाचला. मग बसला आणि परत पहिल्यापासून वाचला.

"मावशी, हे सच आहे?"

"हौ."

"आणि तुम्ही आत्ता सांगताय? आत्ता? बाबा गेल्यावर?" त्याचा आवाज चढला. वहिनी दारात आल्या.

तो त्या कागदाच्या घड्या घालत आणि उलगडत बसला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लहानपणी पेटीत मला त्या नोटिशीची कॉपी सापडली होती. मी नव्या मुलांना ट्रेनिंग देतो ना, त्यात हे सांगतो. दर बॅचला. नाव नाही घेत, एक ऑपरेटर म्हणतो. त्याची स्लाइड आहे माझी, दोनदा मारलेला नंबर काढलाय मी त्याच्यावर. निष्काळजीपणा काय असतो ते दाखवायला." त्याने घडी परत उलगडली. "एकदा फॅमिली डे होता, बाबा आले होते. मी त्यांना मागच्या रांगेत बसवलं आणि तीच स्लाइड लावली. म्हटलं, यांना कुठे ऐकू येतंय. मावशी, ऐकू येत नव्हतं, पण दिसत तर होतं ना."

वहिनींनी विचारलं, "मग? काय म्हणाले?"

"काही नाही. घरी येताना गाडीत म्हणाले, छान समजावतोस तू. सगळी पोरं लक्ष देऊन ऐकत होती."

एवढं बोलून तुमचा मुलगा तोंडावर हात घेऊन रडला, शरदभाऊ. सदतीस वर्षांचा घोडा. वहिनी त्याच्याजवळ गेल्या, माझ्याजवळ कोणी आलं नाही, आणि यावं असं मला वाटलंही नाही. मी चपला घालत होते तेव्हा त्याने हाक मारली.

"मावशी, उद्या हे तुम्ही नाही वाचायचं. मी वाचणार. एक अक्षर न सोडता. कारखान्यातले सगळे जुने लोक येणार आहेत, साहेब पण येणार आहेत. तुम्ही पहिल्या रांगेत बसायचं. बाबांच्या फोटोसमोर, सगळ्यांना दिसाल अशा."

मी हो म्हटलं आहे. उद्या अकरा वाजता. पांढरी साडी काढून ठेवली आहे, आणि मी येणार आहे, शरदभाऊ.